‘बी’ आणि ‘भू’: लेक की बहीण?

सर, नमस्कार. एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, तिला नुसतं ‘धन्यवाद’ म्हणून मोकळं होणं बरं दिसलं नसतं. म्हणून हे लांबलचक उत्तर.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी इंग्रजीतल्या ‘बी’ या क्रियापदावर लिहिलं होतं. ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बी, बीइंग, बीन अशी त्याची आठ रूपं. ती एका धातूची नाहीत, किमान तीन धातूंची मोट आहे, आणि ते तिन्ही धातू आपल्याला संस्कृतात अस्, भू आणि वस् म्हणून भेटतात, असं माझं म्हणणं. त्यावर सर विचारतात: मग इंग्रजी संस्कृतातून निघाली हे सरळ सांगायला जीभ का अडखळते? कोणी न ऐकलेली, कुठेही न लिहिलेली एक ‘मूळ भाषा’ मध्येच कशाला उभी करायची? एका क्रियापदाला तीन धातू लागतात हा इंग्रजीचा गबाळेपणा. पाणिनीच्या भाषेत असलं खपत नाही. आणि जाता जाता टोला: हे सगळं परक्यांच्या ओंजळीने पाणी पिणं आहे.

आधी गबाळेपणाचं बघू, कारण ते लवकर आटपेल. तुम्ही आयुष्यभर संस्कृत शिकवलंत, तेव्हा ‘अस्तेर्भूः’ हे सूत्र मी तुम्हाला काय सांगणार! पाणिनीच्या व्याकरणग्रंथातलं, अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायातलं. अस् धातूला ठरावीक प्रत्ययांपुढे भू हा आदेश होतो, म्हणजे अस् च्या जागी भू येतो. म्हणून ‘अस्ति’चा भविष्यकाळ ‘भविष्यति’ आणि परोक्ष भूतकाळ ‘बभूव’. म्हणजे अस् धातू एकटा पुरत नाही, भू उसना घ्यावा लागतो, हे खुद्द पाणिनीने नोंदवून ठेवलंय. लॅटिनमध्येही तेच: वर्तमानात ‘एस्त’, भूतकाळात ‘फुई’, आणि हा ‘फुई’ भूच्याच घरातला. आपल्या मराठीत बघा, तो आहे, तो होता, तो असेल. ‘होता’ भूचा (भवति, मग प्राकृतात होइ, मग आपलं होणं), ‘असेल’ अस्चा. गबाळेपणा असेल तर तो सगळ्या खानदानाचा आहे, एकट्या इंग्रजीच्या माथी कशाला मारायचा?

उलट जुन्या इंग्रजीत ही दोन घराणी नीट वेगळी नांदत होती. आत्ताची, समोरची स्थिती सांगायची तर ‘इज’. नेहमीचं किंवा पुढे घडायचं सांगायचं तर बहुधा ‘बी’ घराण्यातलं ‘बिथ’. त्या काळच्या एका सुभाषितवजा कवितेत ‘हिवाळा सगळ्यात थंड असतो’ या अर्थाची ओळ आहे, तिथे कवीने ‘इज’ वापरलेलं नाही, ‘बिथ’चंच एक रूप वापरलंय. आजच्या इंग्रजाला हा फरक समजावून सांगावा लागेल. मराठी माणसाला नाही, कारण आपणही ‘हिवाळा थंड आहे’ आणि ‘हिवाळा थंड असतो’ यांत गल्लत करत नाही.

आता लेक की बहीण. इथे जरा थांबावं लागेल.

‘कुहोश्चुः’ आठवा. अभ्यासातल्या (धातू दोनदा उच्चारला की त्यातला पहिला भाग तो ‘अभ्यास’) क-वर्गाचा च-वर्ग होतो. कृ धातूचं ‘चकार’, गम् धातूचं ‘जगाम’. धातू द्विरुक्त झाला की पहिल्या क चा च आणि ग चा ज. पाणिनीने नियम चोख सांगितला, कारण सांगणं हे त्याचं कामच नव्हतं. पण आपण विचारू या: का? ‘अ’ पुढे आला म्हणून क चा च होत असेल, तर ‘करोति’चं ‘चरोति’ व्हायला हवं होतं. तसं होत नाही.

आता एक करा, ‘माझा’ आणि ‘माझी’ हे शब्द मोठ्याने म्हणा. अक्षर तेच, झ. पण ‘माझा’तला झ दातांजवळ उच्चारला जातो आणि ‘माझी’तला टाळूला लागतो. ई आणि ए हे स्वर जीभ पुढे उचलतात आणि शेजारच्या व्यंजनाला टाळूकडे ओढतात. क चा च होणं हा त्याच ओढीचा प्रकार. म्हणजे ‘चकार’मधल्या पहिल्या अक्षरात कधी काळी ‘अ’ नव्हता, ‘ए’सारखा स्वर होता, त्याने क ला च केलं आणि मग तो स्वतः ‘अ’मध्ये विरून गेला. आणि गंमत अशी की ग्रीकमध्ये द्विरुक्तीत तो ऱ्हस्व ‘ए’ अजून जागच्या जागी आहे: ‘गेगोना’. लॅटिनमध्येही: ‘केकिनी’. संस्कृतातला ‘च’ (आणि या अर्थाचा) लॅटिनमध्ये ‘क्वे’ आहे, तिथेही ए.

आता तुमचं म्हणणं यावर घासून बघा. संस्कृत आई असेल, तर नेमक्या जिथे संस्कृतात च आणि ज दिसतात तिथे ग्रीक-लॅटिनला ‘ए’ कुठून सुचला? ‘अ’वरून तर तो ओळखता येत नाही. संस्कृतच्याच पोटात आधीच्या एका अवस्थेची खूण आहे, आणि ती खूण इतर भावंडांशी जुळते. कोणी न लिहिलेली मूळ भाषा म्हणतात ती हीच. ती हवेतून आणलेली नाही, तुम्ही वर्गात घोकून घेतलेल्या लिट् लकारातून (म्हणजे ‘चकार’, ‘बभूव’ अशा परोक्ष भूतकाळातून) ती डोकावते. ‘इज’ आणि ‘अस्ति’ यांचंही असंच: ग्रीक ‘एस्ति’मध्ये जुना स्वर टिकलाय, संस्कृतात त्याचा अ झालाय.

परक्यांच्या ओंजळीबद्दल. विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाने 1786 साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या समान उगमाची गोष्ट जाहीरपणे मांडली, तो उगम कदाचित आता उरलेलाही नसेल असं तो तेव्हाच म्हणाला, हे खरं. पण 1877 साली मुंबईत रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर जी व्याख्यानं दिली, त्यांत ते काय कोणाची री ओढत होते? त्यांना दोन्हीकडचं येत होतं, एवढंच.

आणि संस्कृतचा खरा मान कुठे आहे ते सांगतो, तुम्हाला आवडेल. ‘वॉज’ आणि ‘वेअर’ हे एकाच धातूचे, मग एकात स आणि दुसऱ्यात र का? (आज ‘वॉज’च्या शेवटी ऐकू येणारा मऊ आवाज फार नंतरचा, तो सोडा.) हा धातू म्हणजे आपला वस्, राहणे, रात्रीचा मुक्काम करणे. गावाकडे ‘वस्तीची एसटी’ म्हणतात त्यातला. ‘वॉज’ म्हणजे मुळात ‘वसला होता’. आता त्याचं लिट् घ्या: एकवचन ‘उवास’, अनेकवचन ‘ऊषुः’. उदात्त, म्हणजे वैदिक उच्चारातला चढा स्वर, आघात, कुठे येतो? एकवचनात धातूवर, ‘वा’वर. अनेकवचनात प्रत्ययावर, ‘षुः’वर. कार्ल व्हर्नर नावाच्या डॅनिश माणसाने 1870च्या दशकात दाखवून दिलं की जर्मानिक (इंग्रजी, जर्मन यांच्या घराण्यातल्या) भाषांत स च्या आधीचा स्वर आघाताविना असेल तर त्या स चा झ होतो आणि पुढे र. एकवचनात आघात धातूवरच, म्हणून स टिकला: वॉज. अनेकवचनात आघात पुढे सरकला, म्हणून र: वेअर. जर्मानिक भाषांनी नंतर सगळे आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर आणून ठेवले आणि पुरावा पुसून टाकला. तो राहिला वैदिक स्वरांमध्ये. लंडनमधलं पोर रोज ‘वॉज’ आणि ‘वेअर’ म्हणतं, त्याचं कारण वेदपाठकांनी जपलेल्या उदात्तात सापडलं. ‘सगळं आमच्यातूनच निघालं’ या व्हॉट्सॲपी फुशारकीपेक्षा मला हे कितीतरी भारी वाटतं.

राहिला तुमचा शेवटचा चिमटा, की समोर एकच माणूस असताना इंग्रज ‘यू वेअर’ असं अनेकवचन का लावतात. एकाला ‘दाउ’ होतं, त्याच्याबरोबर ‘वॉस्ट’ किंवा ‘वर्ट’ यायचं. आदरार्थी ‘यू’ने त्याला हुसकावलं, पण आपलं अनेकवचनी क्रियापद सोडलं नाही. अठराव्या शतकात बरेच लोक, चांगले शिकलेलेसुद्धा, एकाला ‘यू वॉज’ म्हणत आणि लिहीतही. 1762 साली रॉबर्ट लाउथ या पुढे बिशप झालेल्या धर्मगुरूने व्याकरण लिहून त्यावर डोळे वटारले आणि ‘वेअर’च शिष्ट ठरलं. मीही तुम्ही एकटे असून वर सगळीकडे ‘तुम्ही’ लिहिलंय आणि ‘शिकवलंत’ म्हटलंय, ‘शिकवलंस’ नाही.