‘२० मिनिटांचं ध्यान म्हणजे चार तासांची झोप’: हा संदेश कुठे कुठे चुकतो

ध्यानाबद्दलचा एक संदेश सगळीकडे फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: २० मिनिटांचं ध्यान चार तासांच्या झोपेची भरपाई करतं, ध्यानात मन पूर्ण निर्विचार व्हायला हवं, २१ दिवसांत हे साधतं, ध्यान करणाऱ्याला वेगळ्या व्यायामाची गरज नाही, ध्यानाने अपाय कधीच होत नाही, उलट गोळ्या सुटतात. लोकांनी ध्यानाला बसावं ही इच्छा चांगलीच आहे. पण यातला एकही दावा टिकत नाही, आणि शेवटचा तर जिवावर बेतू शकतो.

आधी झोपेचं. ध्यानात श्वास मंदावतो, स्नायू सैल पडतात, उठल्यावर ताजंतवानं वाटतं. ही विश्रांती खरी, पण ती झोप नव्हे. झोपेत साधारण ९० मिनिटांची आवर्तनं रात्रभर चालतात, त्यांत गाढ झोप आणि स्वप्नावस्था आलटून पालटून येतात, शरीराची डागडुजी होते, स्मृती पक्क्या होतात. प्रौढ माणसाला रोज सात तास तरी झोप लागते. गीतेच्या सहाव्या अध्यायातही स्पष्ट म्हटलं आहे की अति झोपणाऱ्याला योग साधत नाही, तसाच सतत जागणाऱ्यालाही साधत नाही. झोप तोडून पहाटे बसलं की पाचव्या मिनिटाला मान पुढे कलंडते. त्याला ‘खोल ध्यान लागलं’ म्हणू नये. ती झोपेची थकबाकी आहे आणि ती झोपूनच फिटते.

निर्विचार मनाच्या कल्पनेने सगळ्यात जास्त लोक ध्यान सोडतात, म्हणून इथे जरा थांबू. ‘योगश्चित्तवृत्तिनिरोधः’, म्हणजे चित्ताच्या वृत्ती थांबवणं हा योग, हे सूत्र सगळे ऐकवतात, पण ते अख्ख्या योगाविषयी आहे. ध्यानाची व्याख्या योगसूत्रांचे कर्ते पतंजली त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या पादात (भागात) वेगळी करतात: ‘तत्र प्रत्ययैकतानता ध्यानम्’. म्हणजे ज्या विषयावर चित्त बांधलं, त्यावरच त्याचा प्रवाह अखंड राहणं. इथे मनाला विषय आहे, मन रिकामं नाही. आणि मन सटकणार हेही गृहीतच धरलेलं आहे. गीता म्हणते, चंचल मन जिथे जिथे धावेल तिथून तिथून त्याला वळवून आणावं. हे वळवून आणणं हाच अभ्यास.

प्रत्यक्षात तो असा करावा. घोंगडी किंवा चादर घडी करून चार ते सहा इंच उंच बैठक करा, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली येतात आणि पाठ ताण न देता उभी राहते. बैठक सपाट असली की कंबर मागे ढळते, पाठीला पोक येतो आणि दहा मिनिटांत दुखायला लागतं. मांडी जमत नसेल तर खुर्ची चालते. तळवे जमिनीवर पूर्ण टेकलेले आणि पाठ टेकूपासून सुटी ठेवा. आता श्वास आपोआप चालू द्या आणि प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा मोजा, एक ते दहा, मग पुन्हा एक. आकडा हरवला तर चिडचिड न करता एकपासून सुरू करा. मोजणी सतरावर पोचल्याचं लक्षात आलं, तर तोंड मोजत होतं आणि मन दुसरीकडे होतं. तेव्हाही एकवरच या. दहा मिनिटांत तीस वेळा परत यावं लागलं, तर तीस वेळा अभ्यास झाला.

विचार दाबायला गेलं की उलटंच होतं. कपाळ आवळतं, जबडा घट्ट होतो, डोकं दुखतं. श्वास मुद्दाम खोल आणि भराभर घेतला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. हा कुंडलिनीचा अनुभव नव्हे. श्वास सोडून द्या, त्याला त्याच्या लयीत येऊ द्या.

२१ दिवसांच्या आकड्याला आधार नाही. सवय कशी जडते याचा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये अभ्यास झाला, त्यात सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक १८ ते २५४ दिवसांचा फरक होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं.

व्यायामाबद्दल. बसून राहिल्याने स्नायूंवर आणि हाडांवर भार येत नाही, हृदयाची क्षमता वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम सुचवले आहेत. ध्यान यांची जागा घेत नाही. अष्टांगयोगातही यम, नियम, आसन, प्राणायाम आणि प्रत्याहार यांच्यानंतर धारणा आणि मग ध्यान येतं. सोपा क्रम असा: अर्धा तास झपझप चालणं, दहा मिनिटं थांबणं, मग बसणं. दमलेलं शरीर कमी चुळबुळ करतं.

आता अपाय. २०२० मध्ये ८३ अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला, त्यात ध्यान करणाऱ्यांपैकी सुमारे आठ टक्के लोकांना त्रास झाल्याचं आढळलं. चिंता आणि नैराश्य सर्वाधिक. काहींना जुने आघात उसळून येतात, काहींना आजूबाजूचं जग खोटं वाटू लागतं. असं झालं तर नेटाने बसून राहू नका. डोळे उघडा, तळवे जमिनीवर दाबा, समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्या, चालायला लागा. त्या दिवशी पुन्हा बसू नका. ज्यांना पूर्वी उन्माद किंवा भ्रमाचा आजार झाला आहे, त्यांनी मनोविकारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय दिवसाचे आठ-दहा तास बसवणाऱ्या शिबिरांना जाऊ नये. तिथली कमी झोपसुद्धा उन्मादाला निमित्त होऊ शकते.

आणि गोळ्या. नैराश्यावरची गोळी एकदम बंद केली की चक्कर, झोप उडणं, विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं असे त्रास होऊ शकतात. ‘शुद्धीकरण चालू आहे’ म्हणून लोक ते सोसत राहतात, आणि मूळ आजार परतला तरी ओळखत नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी बीटा ब्लॉकर अचानक थांबवल्यास हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका वाढतो. ध्यानाने बरं वाटत असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, दोन-तीन आठवड्यांच्या रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या नोंदी दाखवा आणि मात्रा कमी करता येईल का ते विचारा. करायची ठरली तर ती टप्प्याटप्प्यानेच, त्यांच्या देखरेखीखाली. तोवर गोळी रोजच्या वेळेला घ्या आणि ध्यानालाही रोजच्या वेळेला बसा.