मोजाल तर फसाल

अभिनंदन! पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्गच्या नैर्ऋत्येला, वॉशिंग्टन काउंटीत घर झालं तुमचं. चार बेडरूम, चांगली शाळा, मागे टेकडी. टेकडीपलीकडे रात्री लखलखतो तो देवळाचा कळस नाही, गॅसच्या विहिरीचा रिग आहे. महिन्या-दोन महिन्यांत तो जाईल, विहिरी तेवढ्या राहतील. मैलभराहून खोल असलेला मार्सेलस शेल नावाचा खडक पाण्याच्या दाबाने फोडून (यालाच फ्रॅकिंग म्हणतात) त्यातला गॅस काढायला २००४ साली याच काउंटीत सुरुवात झाली. म्हणजे तुम्ही अगदी मूळपीठावर राहायला आलात.

आता कुणीतरी चोंबडा शेजारी तुमच्यापाशी रेडॉनचा, म्हणजे जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूचा, विषय काढेल. त्याला चहा पाजा आणि विषय बदला. रंग नाही, वास नाही, चव नाही, अशा गोष्टीची धास्ती घेणं आपल्याला शोभत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या अंदाजाने त्या देशात दरवर्षी २१,००० माणसं रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कॅन्सरने मरतात. कारणांमध्ये तंबाखू पहिली, रेडॉन दुसरा. तुम्ही सिगारेट ओढत नाही? मग तुमच्यासाठी रेडॉनच पहिला. तसंही दुसऱ्या नंबरावर समाधान मानायची आपल्याकडे पद्धत नाही.

बेसमेंट मात्र झकास करून घ्या. गालिचा घाला, टीव्ही लावा, कोपऱ्यात गणपतीच्या मखराचे खोके रचा आणि सोफा-कम-बेड टाका, कारण नातवंडासाठी आई-बाबा सहा महिने येणार आहेत. थंडीत खिडक्या बंद, हीटर चालू. गरम हवा वर चढते, खालच्या मजल्यावर किंचित ओढ निर्माण होते, आणि जमिनीतला रेडॉन फरशीच्या भेगांतून, बेसमेंटमधलं पाणी उपसणाऱ्या सम्प पंपाच्या खड्ड्यातून आत येतो. हवेपेक्षा सातपटींहून जड. घरात तो बहुधा सगळ्यांत जास्त साठतो तो बेसमेंटमध्येच. बाबा दुपारी आडवे होतात तेही तिथेच. वर सूर्यप्रकाशाची खोली आहे, पण ती तुमच्या वर्क फ्रॉम होमला लागते ना?

गाव तुम्ही इतिहास बघून निवडलंत की काय? शेजारच्या कॅनन्सबर्गमध्ये शंभर वर्षांपूर्वी रेडियम शुद्ध करायचा कारखाना होता. १९२१ साली अमेरिकन बायकांनी वर्गणी काढून मादाम क्युरींना एक ग्रॅम रेडियम भेट दिलं, किंमत एक लाख डॉलर. ते या कारखान्याचं. बाई स्वतः तो बघायला आल्या होत्या. मागे उरलेला किरणोत्सारी गाळ पुढे सरकारने १९८०च्या दशकात माती-खडीखाली झाकून टाकला. आता त्याच गावाच्या वेशीवर गॅस कंपन्यांची चकाचक ऑफिसं आहेत. त्यांच्या विहिरींतून गॅसबरोबर जे खारट पाणी वर येतं त्यात रेडियम फुकट मिळतं, आणि वर्गणी काढून ते न्यायला कुणीही येत नाही. रेडियम क्षय पावलं की रेडॉन होतो. रेडियमचं अर्धायुष्य १,६०० वर्षं, रेडॉनचं ३.८ दिवस. पोरगं अल्पायुषी, पण आईला मुलं व्हायची थांबत नाहीत.

एवढं ऐकून फ्रॅकिंगमुळे घरातला रेडॉन वाढतो का यावर वाद घालायची खुमखुमी आलीच, तर उत्तर आधी पाठ करा: ‘रेडॉन आमच्या आधीपासून इथे आहे.’ हे शंभर टक्के खरं आहे, म्हणूनच फार कामाचं आहे. १९८४ साली याच राज्याच्या पूर्व भागात, लिमरिक अणुवीज केंद्राच्या बांधकामावरचा एक इंजिनियर कामावर येताना किरणोत्साराचा अलार्म वाजवू लागला. लक्षात घ्या, जाताना नाही, येताना. केंद्र तर अजून सुरूही झालेलं नव्हतं. किरणोत्सार तो घरून आणत होता. त्याच्या घरात हवेच्या लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी (हे किरणोत्साराचं माप) रेडॉन निघाला. घरात दुरुस्ती करा असं सरकार सांगतं ती पातळी आहे ४. आणि तिथे फ्रॅकिंगचा मागमूस नव्हता. बघा, निसर्गच दोषी!

मग २०१५ उजाडलं. जानेवारीत राज्याच्या पर्यावरण विभागाने अहवाल दिला, की इथला गॅस वापरल्याने लोकांना जादा रेडॉन लागण्याची शक्यता फारशी नाही. एप्रिलमध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी राज्यातल्या १९८९ ते २०१३ मधल्या ८,६०,०००हून अधिक घरगुती मोजण्या तपासल्या. ४२ टक्के मोजण्या त्या चारच्या वर. (गॅसच्या नव्हे, पाण्याच्या) विहिरीचं पाणी वापरणाऱ्या घरांत रेडॉन नळाच्या पाण्याच्या घरांपेक्षा २१ टक्के जास्त. आणि २००४ पासून जिथे फ्रॅकिंग जास्त, त्या काउंट्यांत आकडे इतरांपेक्षा वर. तुम्ही अर्थातच जानेवारीचा अहवाल वाचा. एप्रिलचा वाचलाच तर शेवटून वाचा, जिथे संशोधक प्रामाणिकपणे सांगतात की हा संबंध दिसतो, कारण सिद्ध झालेलं नाही, हल्ली घरं हवाबंद बांधतात त्यामुळेही असेल. प्रामाणिक माणसाचं हेच बरं असतं, त्याचंच वाक्य उचलून त्याला गप्प करता येतं.

आणि सिद्ध होणार कसं? विहीर खोदण्याआधी आसपासच्या प्रत्येक घरात वर्षभर मोजमाप, मग खोदताना, मग नंतर. असं कुणी केलं तर फरक कळेल. इंग्लंडात हा आततायीपणा झाला. यॉर्कशरमधल्या कर्बी मिस्पर्टन गावाजवळ फ्रॅकिंगचा घाट घातला गेला, तेव्हा तिथल्या भूगर्भ आणि आरोग्य संस्थांनी एकही फ्रॅक होण्याआधी गावातल्या घरांत आणि उघड्यावर रेडॉनमापक ठेवले. ताप येण्याआधीच थर्मामीटर लावून बसायचं, काय ही हौस! २०१६ साली परवानगी मिळाली, फ्रॅकिंग झालंच नाही, आणि २०१९च्या नोव्हेंबरात इंग्लंडभर त्यावर स्थगिती आली. डबे भरून नोंदी, आणि फ्रॅकिंग शून्य. पेनसिल्व्हेनियात तुमच्यासारख्या सुज्ञांनी आधी हजारो विहिरी पाडल्या आणि ‘आधी किती होता?’ हा प्रश्न कायमचा निकालात काढला.

ओढ्याकाठी फिरायला जाणार असाल तर याच राज्यातल्या इंडियाना काउंटीतल्या ब्लॅकलिक ओढ्याचा किस्सा कुणाला विचारू नका. गॅसविहिरींचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या एका केंद्राच्या खालच्या अंगाला तळाच्या गाळात वरच्या अंगापेक्षा २०० पट रेडियम सापडलं होतं, ड्यूक विद्यापीठाला, २०१३ साली. केंद्र पाणी शुद्धच करत होतं, काढलेलं कुठेतरी जायला नको?

डिटेक्टर कुणी भेट दिलाच तर असा वापरा: जुलैत, सगळ्या खिडक्या उघड्या, पंखा फुल, डबी पोटमाळ्यावर. सुंदर आकडा येतो. डबीवरच्या सूचना (घर बंद ठेवा, सगळ्यांत खालच्या वापरातल्या मजल्यावर ठेवा, किमान ४८ तास हलवू नका) या संशयी स्वभावाच्या लोकांसाठी आहेत. फरशीखालून पाइप काढून पंख्याने तो वायू छपरावर सोडायची सोय होते म्हणे, खर्च साधारण स्वयंपाकघरातल्या नव्या फ्रिजएवढा. पण फ्रिज पाहुण्यांना दाखवता येतो.

आणि मुख्य म्हणजे पुढे घर विकायचं आहे. इथल्या कायद्याप्रमाणे रेडॉनबद्दल तुम्हाला जे माहीत आहे ते विक्रेता म्हणून लेखी सांगावं लागतं. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’वर खूण करायची, झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची, डॉलरमध्ये तर फारच. फक्त खरेदीदार आपला तपासनीस घेऊन येईल, तो बेसमेंटमध्ये दोन दिवस एक छोटं यंत्र ठेवेल आणि खिडक्या उघडू देणार नाही. आकडा आला की भुवया उंचावून म्हणा, ‘कमाल आहे, आमचे आई-बाबा सहा-सहा महिने इथेच झोपायचे!’