सायप्रस "तीन हजार वर्षं ग्रीकांचं" होतं? अहो काका, थांबा जरा

जून २०२५ मध्ये मोदी सायप्रसला जाऊन आले तेव्हापासून एक मेसेज फिरतोय, आमच्या एका काकांनी तर तो तीनदा पाठवला. मेसेज थोडक्यात असा: सायप्रसवर तीन हजार वर्षं सलग ग्रीक राजे होते, १५७१ ला तुर्क आले आणि बेट पहिल्यांदा गुलाम झालं, त्यांनी ग्रीकांची चर्च बळकावून मशिदी केल्या, मग इंग्रजांनी तुर्कांना हरवून बेट सोडवलं, १९७४ ला तुर्कस्ताननं काही कारण नसताना अर्धं बेट गिळलं, आणि आपले जनरल थिमय्या तिथे तुर्कांशी लढताना शहीद झाले. खाली "जास्तीत जास्त शेअर करा" आहेच.

आता एकेक घेतो.

"तीन हजार वर्षं ग्रीक राजे." लोक ग्रीक बोलत होते हे खरं, इ.स.पू. १२व्या-११व्या शतकापासून तिथे ग्रीक वस्ती आहे. पण रयतेची भाषा एक आणि वसुली करणारा दुसराच, हे आपल्याला वेगळं सांगायला पाहिजे का? मुळात बेटावर एक राज्य नव्हतंच, एकेका शहराचा एकेक राजा होता, त्यातलं कितिऑन म्हणजे आजचं लार्नाका हे फिनिशियन लोकांचं (आजच्या लेबनॉनकडचे दर्यावर्दी व्यापारी), आणि अमाथसला तर अशी एक भाषा होती की जी अजून कोणाला धड वाचता आलेली नाही. त्याच लार्नाकाला १८४५ मध्ये एक दगड सापडला, तो असिरियाच्या (आजच्या उत्तर इराकमधलं जुनं साम्राज्य) दुसऱ्या सार्गोन राजाचा, आणि त्यावर काय कोरलंय, तर इथल्या सात राजांनी मला नजराणे आणून दिले. साल साधारण इ.स.पू. ७०७. म्हणजे मांडलिकी किती जुनी बघा. असिरियानंतर इजिप्तचा राजा अमासिस, मग इराणी. आणि गंमत म्हणजे इ.स.पू. ४८० ला इराणचा बादशहा झर्क्सिस ग्रीसवर चालून गेला तेव्हा ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या हिशोबाने सायप्रसची १५० जहाजं त्याच्या बाजूने होती, ग्रीकांच्या विरुद्ध! इव्हागोरससारखा इथल्याच सालामिस शहराचा ग्रीक राजा इराण्यांशी वर्षानुवर्षं भांडला, नाही असं नाही, पण शेवटी खंडणी भरायचं कबूल करूनच गादीवर राहिला.

अलेक्झांडरनंतर बेट टॉलेमींच्या, म्हणजे इजिप्तवर राज्य करणाऱ्या त्याच्या सेनापतीच्या घराण्याच्या हातात गेलं. ते घराणं ग्रीकच, मान्य, पण कारभार अलेक्झांड्रियातून आणि इथले शहर-राजे त्यांनीच संपवले. इ.स.पू. ५८ ला रोमने कायदा केला की बेट आमचं, धाकटा केटो या रोमन नेत्याला पाठवलं, इथल्या राजाने विष घेतलं आणि केटो खजिना मोजून घेऊन गेला. लढाई वगैरे काही नाही, चक्क जप्ती.

आणि मग सावकारी. सीझरच्या खुनातला तो ब्रूटस आठवतो ना, फार तत्त्वाचा माणूस म्हणून शाळेत ऐकलेला? त्याने सालामिस शहराला ४८ टक्के व्याजाने कर्ज दिलेलं. त्याच्या माणसाने वसुलीसाठी घोडेस्वार आणून नगरसभेच्या लोकांना सभागृहातच कोंडलं आणि त्यातले पाच जण उपाशी मेले. हे सिसेरो या रोमन वक्त्याच्या पत्रांमुळे कळतं, कारण नंतर तो तिथला गव्हर्नर झाला आणि हे प्रकरण बघून त्याचं डोकं गरगरलं. आमच्याकडचे सावकार परवडले.

पुढे बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलहून चालणारं पूर्वेचं रोमन साम्राज्य आलं. ते लोक ग्रीक बोलायचे पण स्वतःला रोमनच म्हणवायचे, तरी तो मुद्दा काकांना सोडून देतो. पण मध्येच काय झालंय, ६८८ मध्ये बादशहा दुसरा जस्टिनियन आणि खलिफा अब्द अल-मलिक यांनी तह केला की बेटाचा महसूल दोघांनी वाटून घ्यायचा, एका म्हशीचं दूध दोन घरी तसं, आणि ही व्यवस्था थोडीफार भांडणं धरून ९६५ पर्यंत चालली. जवळपास तीनशे वर्षं! मेसेज लिहिणाऱ्याने ही तीन शतकं कुठे घातली काय माहीत.

"१५७१ ला पहिल्यांदा गुलाम." हे वाचून मी कपाळावर हात मारला. ११९१ ला इंग्लंडचा राजा रिचर्ड क्रूसेडला जाताना वाटेत थांबला, तिथे आयझॅक कोम्नेनोस म्हणून स्वतःच स्वतःला बादशहा म्हणवणारा एक माणूस होता, त्याच्याशी बिनसलं, तर रिचर्डने लिमासोलला स्वतःचं लग्न उरकलं, बेट जिंकलं आणि ते टेम्पलर म्हणजे क्रूसेडमधल्या लढवय्या साधूंच्या पंथाला एक लाख सोन्याच्या नाण्यांना विकलं. अख्खं बेट, माणसांसकट! त्यांनी ४० हजार रोख दिले, पुढच्या वर्षी निकोसियात (बेटाची राजधानी) लोक उठले तेव्हा कापाकापी केली आणि मग "नको बाबा" म्हणून परत केलं. ते मिळालं ग्वी द लुसिन्यानला, जेरुसलेम घालवून बसलेला फ्रेंच राजा. त्याच्या घराण्याने तीनशे वर्षं राज्य केलं, दरबारात फ्रेंच, ग्रीक कुळं जमिनीला बांधलेली, आणि १२६० च्या पोपच्या हुकमाने ऑर्थोडॉक्स (ग्रीकांचा ख्रिस्ती पंथ) बिशप फक्त चारच आणि तेही कॅथलिक आर्चबिशपच्या हाताखाली. शेवटची राणी कॅथरिन कोर्नारो व्हेनिसची लेक, नवरा गेला, तान्हा मुलगा गेला, आणि १४८९ ला माहेरनेच तिच्याकडून राज्य लिहून घेतलं. म्हणजे तुर्क आले ते व्हेनिसकडून बेट घ्यायला, ग्रीकांकडून नाही.

तुर्क काही संत नव्हते. १५७० ला निकोसियात कत्तल झाली, पुढच्या वर्षी फामागुस्ता बंदराच्या व्हेनिशियन सेनापती ब्रागादिनची शरण आल्यावर जिवंत कातडी सोलली, १८२१ ला आर्चबिशप किप्रियानोसला फाशी दिलं. पण त्याच तुर्कांनी कॅथलिकांना हाकलून ऑर्थोडॉक्स आर्चबिशपला गादी परत दिली, हेही तितकंच खरं. आणि हो, मशीद झालेल्या "ग्रीक चर्च"चे जे फोटो मेसेजमध्ये आहेत ना, निकोसियाचं सेंट सोफिया आणि फामागुस्ताचं सेंट निकोलस, ती दोन्ही फ्रेंच घराण्याच्या काळातली कॅथलिक कॅथेड्रल आहेत. मशिदी झाल्या हे खरंच, पण घेतली ती कॅथलिकांकडून.

"इंग्रजांनी तुर्कांना हरवून सोडवलं." उलट! १८७८ ला रशियाच्या भीतीने सुलतानाने इंग्रजांशी करार केला, तुम्ही आम्हाला सांभाळा आणि बदल्यात बेटाचा कारभार घ्या. गोळी सुटली नाही. ताबा घ्यायला जे सैन्य उतरलं त्यात मुंबईहून माल्टाला नेलेले हिंदी शिपाई होते, हे मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही. बेट कागदोपत्री सुलतानाचंच राहिलं आणि लोकांकडून दरवर्षी सुमारे ९२,८०० पौंड "सुलतानाची खंडणी" म्हणून काढले जायचे, जे जायचे सुलतानाच्या १८५५ च्या कर्जाच्या हप्त्यांना. १९१४ ला इंग्रजांनी बेट सरळ खालसा केलं, १९६० ला सोडलं तेव्हाही दोन लष्करी तळ स्वतःकडे ठेवले आणि ते आजही आहेत.

"१९७४ ला काही कारण नसताना." २० जुलैला तुर्की फौज उतरली, पण त्याआधी १५ जुलैला काय झालं? अथेन्सच्या लष्करशहांनी घडवून आणलेल्या बंडात राष्ट्राध्यक्ष मकारिओसना पळून जावं लागलं आणि बेट ग्रीसला जोडू पाहणारा निकोस सॅम्पसन खुर्चीवर बसला. १९६० च्या करारात ब्रिटन, ग्रीस, तुर्कस्तान तिघे हमीदार होते, तुर्कस्तानने तेच कलम पुढे केलं. त्याच्याही मागे १९६३-६४ च्या दंगली आहेत, ज्यात सुमारे २५ हजार तुर्की सायप्रियट घरं सोडून फक्त तुर्कांच्या कोंडलेल्या वस्त्यांत राहायला गेले. हे सगळं धरूनही माझं मत विचाराल तर १४ ऑगस्टच्या दुसऱ्या हल्ल्याला काही सबब नाही, कारण तोवर सॅम्पसन गेला होता, अथेन्सचे लष्करशहाही गेले होते, वाटाघाटी चालू होत्या, आणि तरी एक तृतीयांशाहून जास्त बेट घेतलं आणि दीड लाखाहून जास्त ग्रीक लोक बेघर झाले. "अर्धं" नाही, पण थोडंथोडकंही नाही.

राहिले थिमय्या. ते तुर्कांशी लढत नव्हते. ते १९६४ पासून यूएनच्या शांतिसेनेचे प्रमुख होते, काम होतं दोघांना एकमेकांपासून लांब ठेवणं. १८ डिसेंबर १९६५ ला तिथेच हार्ट अटॅकने गेले. सायप्रसने त्यांच्या नावाने पोस्टाचं तिकीट काढलं, १९६६ ला. काका जुनी तिकिटं जमवतात म्हणून सांगतो, कुठे मिळालं तर बघा, सायप्रसच्या तिकिटावर देशाचं नाव तीनदा असतं, एकदा ग्रीकमध्ये, एकदा तुर्कीमध्ये, एकदा इंग्रजीत.