लेअर असताना नोड कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप असा : कंपोझिटिंगमध्ये, म्हणजे वेगवेगळी चित्रं जोडून एकच दृश्य बनवताना, लेअर एकावर एक ठेवून जे होतं, त्यासाठी नोडचं (एकेक क्रिया करणाऱ्या, तारांनी जोडलेल्या डब्यांचं) जाळं विणायला लावणं म्हणजे नवशिक्यांना उगाच घाबरवणं.

टायटल आणि मोशन ग्राफिक्ससाठी मीही लेअरच सुचवेन. चित्रपटाच्या शॉटमध्ये मात्र सगळं जोडलेल्या चित्राच्या कडांवर येऊन ठेपतं, आणि तिथे मला तुमचं म्हणणं अजिबात पटत नाही.

थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली मांडलेलं 'ओव्हर'चं, म्हणजे एक चित्र दुसऱ्यावर ठेवण्याचं, गणित लेअर आणि नोड दोन्हींच्या मुळाशी आहे. त्यात पुढच्या चित्राचा रंग अल्फाने (पिक्सेल किती अपारदर्शक आहे ते सांगणाऱ्या ० ते १ मधल्या आकड्याने) आधीच गुणलेला, म्हणजे प्रीमल्टिप्लाय केलेला असतो. कडेवरचा एक पिक्सेल घ्या : मूळ रंग ०.८, अल्फा ०.५, म्हणजे साठवलेली किंमत ०.४. आता रंगात ०.१ मिळवायचे आहेत. आधी अल्फाने भागलं, ०.१ मिळवले, पुन्हा गुणलं, तर ०.४५ येतात. थेट मिळवले तर ०.५. फरक किरकोळ वाटेल, पण जिथे अल्फा शून्य आहे तिथेही हे ०.१ जाऊन बसतात आणि मागचं अख्खं दृश्य उजळतं. अल्फाने न भागता गॅमा (मधल्या छटांचा उजेड) बदलला तर कडेभोवती झालर दिसू लागते. नुसता गेन, म्हणजे रंगाला गुणणारा आकडा, वाढवला तर काही बिघडत नाही, कारण गुणाकाराचा क्रम बदलला तरी उत्तर तेच.

लेअरच्या सॉफ्टवेअरमध्ये हा भागाकार-गुणाकार बहुधा आपोआप होतो. होतो तोवर उत्तमच. बिघडला की मात्र तो नेमका कुठे झाला हे दिसत नाही. नोडमध्ये अनप्रीमल्ट (अल्फाने भागणं), ग्रेड (रंग बदलणं), प्रीमल्ट (पुन्हा गुणणं) हे तीन डबे समोर असतात. हिरव्या पडद्यासमोर चित्रित केलेल्या माणसाच्या केसांच्या कडा हिरवट दिसताहेत? व्ह्यूअर (चित्र दाखवणारी खिडकी) एकेका नोडला जोडत मागे जा, हिरवा कुठून शिरला ते सापडतं.

शिवाय कीअरमधून (हिरवा पडदा वेगळा काढणाऱ्या नोडमधून) निघालेला एकच मॅट, म्हणजे माणसाच्या आकाराचा अल्फा, डीस्पिलला (हिरवी झाक काढायला), कडांच्या दुरुस्तीला आणि लाइट रॅपला (मागचा उजेड कडांवर आणायला) वेगवेगळ्या तारांनी देता येतो. कीअरमध्ये सुधारणा केली की ती तिन्ही ठिकाणी पोचते. लेअरमध्ये त्यासाठी प्रीकॉम्प (काही लेअर बांधून केलेले वेगळे गट) करावे लागतात किंवा प्रती काढाव्या लागतात, आणि दिग्दर्शकाने चौथा बदल सांगितला की कुठली प्रत खरी हेच शोधत बसावं लागतं. घाबरायचंच असेल तर मला त्याची भीती जास्त वाटते.

ब्लेंडरचा कंपोझिटर मोफत आहे. वरचा ०.८ चा पिक्सेल त्यात दोन्ही क्रमांनी चालवून पाहा, आणि तरीही पटलं नाही तर तुमचा ग्राफ मला जरूर पाठवा.