पावसाळी ट्रेकला निघालेल्या ठाणेकरांनो, जरा थंडीचं बोलूया

जुलै लागला की रविवारी पहाटेची कसारा लोकल ठाण्यालाच सॅकवाल्यांनी भरून जाते. त्यातले बरेच जण आसनगावला उतरतात, माहुलीला जायला. मलाही तेच वेड आहे, तेव्हा पावसात डोंगरावर जाऊ नका असं सांगायला मी हे लिहीत नाहीये. जा, जरूर जा. पण घसरण्याबद्दल, धबधब्याबद्दल, ओढ्याच्या पाण्याबद्दल सगळे बोलतात आणि थंडीचा विषय काढला की उत्तर येतं, "अगं, सह्याद्रीत कसली थंडी? ती हिमालयात." या उत्तराची मला खरोखर भीती वाटते.

माहुली हा ठाणे जिल्ह्यातला उंच गड, साधारण ८५० मीटर. हजार मीटर वर गेलं की हवा पाच-सहा अंशांनी उतरते. म्हणजे ठाण्यात २६ अंश असेल तर माथ्यावर एकवीस-बावीस. हा आकडा ऐकून कपाटातला स्वेटर कोणी बाहेर काढणार नाही. पण अंगात चिंब कॉटनचा टीशर्ट, खाली पाणी पिऊन जड झालेली जीन्स आणि समोरून भणाणता वारा, हे सगळं एकत्र आलं की त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. पाणी हवेपेक्षा जवळपास २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही.

चढताना यातलं काही जाणवत नाही, कारण चालणारं शरीर स्वतःच तापत असतं. जाणवतं ते थांबल्यावर. आणि माहुलीला थांबावं लागतं नेमकं वरच्या लोखंडी शिडीपाशी. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे मोठी रांग लागते. एका वेळी एकच माणूस चढणार, त्यात वरून उतरणारेही असणार. पन्नास-साठ जणांची एक बॅच पुढे असेल तर तुम्ही उघड्यावर, वाऱ्याच्या तोंडी, भिजलेल्या कपड्यांत अर्धा-पाऊण तास नुसते उभे. दोन तासांच्या चढाईने जे होत नाही, ते हे उभं राहणं करतं. म्हणून मोठ्या बॅचेसना माझा विरोध आहे. गडावर कचरा होतो, आरडाओरडा होतो, ते आहेच. पण गर्दी माणसाला थांबवते, आणि पावसात थांबणं महाग पडतं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या छोट्या ग्रुपमध्ये मी बॅक लीडला होते, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी. माझ्या पुढे विशीतली एक मुलगी, पहिलाच मोठा ट्रेक. खालपासून तिची बडबड चालू होती. शिडीच्या अलीकडे रांगेत उभे राहिलो आणि काही वेळाने ती गप्प झाली. आधी कुडकुडत होती, हसत होती. मग रेनकोटची चेन लावायला गेली, तर बोटांत ती चेन धरताच येईना. तीनदा सुटली. मी विचारलं, "काय गं, थंडी वाजतेय का?" तर एवढंसं "नाही" म्हणायला तिने बराच वेळ घेतला, आणि जीभ जड झाल्यासारखं म्हणाली.

डोंगरात बडबड्या माणसाचं गप्प होणं ही साधी गोष्ट समजू नका. बोटं ऐकेनाशी होणं, पाय अडखळणं, उत्तर उशिरा येणं, ही सगळी एकाच दिशेची लक्षणं. पुढे कुडकुडणंसुद्धा बंद होतं, आणि ते बरं वाटल्याचं लक्षण नसतं, तो धोका असतो.

आमच्या लीडरने शिट्टी मारून पुढच्यांना परत बोलावलं. दोघींनी पोंचोचा आडोसा धरला, ओला टीशर्ट काढून कोरडा घातला, वर फ्लीसचं उबदार जाकीट, डोक्याला टोपी. सगळे तिच्याभोवती वाऱ्याच्या बाजूने दाटीने उभे राहिले. थर्मासमधला गोड चहा घोटघोट दिला, गुळाची चिक्की चघळायला लावली. हातपाय चोळायला आलेल्या एकाला लीडरने थांबवलं, कारण अशा वेळी जोराने चोळायचं नसतं. मागच्या ग्रुपमधल्या कोणीतरी 'औषधाचा' घोट देऊ केला, तोही नको म्हटला. दारूने ऊब आल्यासारखं वाटतं, पण कातडीकडे रक्त धावतं आणि आतली उष्णता आणखीच बाहेर जाते. ती धड बोलायला लागल्यावर लीडर म्हणाला, आता सगळे खाली. सगळे. कोणी दोघं-तिघं "पटकन टॉप करून येतो" म्हणून जाणार नाहीत.

कुरकुर झाली. एक जण तर म्हणाला, "मावळे असते तर मागे फिरले असते का?"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. फिरले असते, दादा. याच गडावरून फिरलेत. पुरंदरच्या तहात १६६५ साली महाराजांनी जे २३ किल्ले दिले, त्यात माहुली होता. १६७० च्या सुरुवातीला तो परत घ्यायचा पहिला प्रयत्न फसला, माणसं पडली, माघार घ्यावी लागली. आणि त्याच वर्षी जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी गड स्वराज्यात आणला. ज्यांच्या नावाने आपण शिडीवर घोषणा देतो, त्यांना माघारीची लाज वाटत नव्हती.

खरी अडचण इतिहासाची नाही, पैशांची आहे. बस, नाश्ता, जेवण धरून पैसे भरले की माणसाला माथा हा बुकिंगचा भाग वाटतो. मग मागे फिरणारा लीडर म्हणजे फसवणारा लीडर. खाली उतरून रिव्ह्यूमध्ये त्याला एक स्टार. ज्या तरुण पोरांनी हिंमत करून बॅच परत आणली, त्यांना असे रिव्ह्यू पडलेले मी पाहिलेत आणि मनापासून चीड आली. पुढच्या वेळी तो पोरगा दहादा विचार करेल, आणि तेवढ्यात कोणाची तरी बोटं सुन्न होतील.

माहुलीच्या पायथ्याच्या गावांत लावणीच्या दिवसांत बघा. दिवसभर वाकून पावसात राबणाऱ्या बाया पाठीवर इरलं घेतात. पाठ कोरडी राहते, दोन्ही हात मोकळे. गुराखी घोंगडी घेतो, कारण लोकर भिजली तरी ऊब धरते. पिढ्यान्‌पिढ्या या पावसात राहणारी माणसं थंडीची तजवीज करतात. आणि आपण ठाण्याहून जीन्स घालून जातो.

या रविवारी निघणार असाल तर चटकन वाळणारे कपडे घाला. एक पूर्ण कोरडा जोड दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून सॅकच्या तळाशी ठेवा आणि गरज पडेपर्यंत उघडू नका. आणि पैसे भरण्याआधी आयोजकाला फोन करून एवढंच विचारा, की बॅच किती जणांची, बॅक लीडला कोण, आणि एकाला उतरावं लागलं तर त्याच्याबरोबर कोण उतरणार. शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला, तर त्या बॅचला जाऊ नका.