शंख गाळ खातात, पण गाळ जातो कुठे?

घरी खाऱ्या पाण्याची छोटी मत्स्यटाकी ठेवणाऱ्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरतो: "वाळूला कधीही हात लावू नका. बॅक्टेरिया मरतात, विषारी वायू सुटतो. शंख आणि खेकडे सोडा, गाळ तेच साफ करतात. समुद्रात कोण झाडू मारतं?" ४० लिटरच्या टाकीसाठी हा सल्ला घातक आहे, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून बघू.

आधी शंख, कारण सगळी भिस्त त्यांच्यावरच असते. नॅसारियस शंख वाळूत उरलेलं खाणं हुडकून खातो, ट्रोकस काचेवरचं शेवाळ खरवडतो. कामाचे प्राणी आहेत, जरूर ठेवावेत. पण त्यांनी खाल्लेलं विष्ठा होऊन पुन्हा वाळूवरच पडतं. ती कुजली की अमोनिया, त्याचं नायट्राइट, त्याचं नायट्रेट, शिवाय फॉस्फेट. टाकीबाहेर काहीच गेलेलं नसतं. मग दगडांवर केसाळ शेवाळ वाढतं आणि त्यावर उपाय म्हणून आणखी शंख आणले जातात. त्यातला एखादा दगडामागे मेला, तर एवढ्याशा पाण्यात अमोनिया चढायला तेवढंही पुरतं.

बॅक्टेरिया मरतात, हे खरं नाही. अमोनियाचं नायट्रेट करणारे हे उपयोगी बॅक्टेरिया दगडाला आणि वाळूच्या कणांना चिकटून असतात. नळीने वरचा गाळ ओढला तरी कण टाकीतच राहतात. वाळू बाहेर काढून क्लोरीनच्या नळाखाली धुतली तर नक्की मरतील, पण तसं करा असं कोण सांगतंय?

विषारी वायूच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. वर्षानुवर्षं न हलवलेल्या, १० सेंटिमीटर किंवा त्याहून जाड थरात खालपर्यंत ऑक्सिजन पोचत नाही आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. काचेतून काळे पट्टे दिसतात, कुजक्या अंड्यासारखा वास येतो. अशी वाळू एका दमात अजिबात उपसू नये. पण छोट्या टाकीत थर बहुधा २-३ सेंटिमीटरचाच असतो. तो वेळच्या वेळी साफ होत राहिला, तर ही वेळच येत नाही.

समुद्रात लाटा आहेत, भरती-ओहोटी आहे, गाळ वाहून न्यायला अथांग पाणी आहे. काचेच्या डब्यात तो जाणार कुठे?

साफ करताना गोड्या पाण्यातला जाडा सायफन वापरू नका, बघता बघता टाकी अर्धी होते. एअरपंपाची बारीक नळी काडीला रबरबँडने बांधा. पंप बंद करून, सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजने दगडांच्या खाचांत पाण्याचा फवारा मारा. मग नळीचं तोंड वाळूच्या किंचित वर धरून फिरवा. वाळू नळीत चढायला लागली की नळी चिमटीत दाबा, कण खाली बसतात. एका वेळी एक तृतीयांश वाळू आणि ४-५ लिटर पाणी, बस.

भरायचं पाणी खारंच हवं: आदल्या दिवशी आरओच्या पाण्यात मत्स्यटाकीसाठी मिळणारं समुद्री मीठ (स्वयंपाकाचं नव्हे) विरघळवून घनता १.०२५ आणि तापमान टाकीइतकंच. बाष्पीभवनाची तूट गोड्या पाण्याने भरायची सवय असते, त्या सवयीने इथेही नुसतं आरओ ओतलं तर खारेपणा घसरतो. हे मीठ महाग पडतं, आणि अनेकांना तो मेसेज पटतो तो त्यामुळेच. मधल्या एखाद्या आठवड्यात नळीतलं पाणी फिल्टरच्या दाट कापसातून स्वच्छ बादलीत गाळून तेच परत टाकीत ओता आणि कापूस फेकून द्या. विरघळलेलं नायट्रेट असं निघत नाही, पण गाळ तरी टाकीबाहेर जातो.