राज्यांचे हक्क? कसले हक्क, तेही सांगा

परवा एकाच दिवशी तीन ग्रुपांवर तेच ढकलपत्र आलं. सार असं: अमेरिकेतलं १८६१ ते १८६५ चं यादवी युद्ध गुलामगिरीवरून झालंच नाही. ते झालं राज्यांच्या हक्कांवरून आणि आयातकरावरून. दक्षिणेतल्या बहुतेकांकडे गुलाम नव्हतेच, लिंकनला गुलामांचं काही पडलेलं नव्हतं, आणि हजारो काळे सैनिक दक्षिणेकडून लढले. खाली ठळक अक्षरांत, ‘शाळेत शिकवलेलं विसरा’. शाळेत एवढं तरी कुठे शिकवलं होतं म्हणा.

हक्कांचं आधी बघू. दक्षिणेतलं साउथ कॅरोलायना राज्य २० डिसेंबर १८६० ला सगळ्यांत आधी संघराज्यातून फुटून निघालं आणि चार दिवसांनी त्याने कारणांचा जाहीरनामा काढला. त्यातली मोठी तक्रार काय, तर उत्तरेतली राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत, उलट त्याविरुद्ध कायदे करतात. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपला हक्क बजावला, हेच दुखणं. मिसिसिपीने तर आडपडदाही ठेवला नाही. आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे, असं सुरुवातीलाच लिहून टाकलं. फुटलेल्या दक्षिणेने स्वतःची नवी घटना केली, तीत मालकाला गुलाम घेऊन कुठल्याही राज्यात जायची मुभा दिली. राज्याचा हक्क तिथे कुठे गेला?

मे १८६१ मधला एक प्रसंग मला फार आवडतो. व्हर्जिनियात फोर्ट मन्रो हा किल्ला केंद्राच्या ताब्यात होता. दक्षिणेच्या तोफांसाठी मोर्चे बांधायला जुंपलेले तीन गुलाम रात्री होडी वल्हवत तिथे आले. दुसऱ्या दिवशी दक्षिणेचा एक मेजर पांढरं निशाण घेऊन हजर. पळालेले गुलाम परत करायचा केंद्राचा कायदा आहे, माणसं द्या म्हणाला. किल्ल्यावरचा जनरल बटलर पेशाने वकील. तो म्हणाला, व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवते ना? मग आमचा कायदा तुम्हाला कसा लागू? माणसं किल्ल्यातच राहिली.

कराचा मुद्दा तारखांतच संपतो. वाढीव आयातकराच्या कायद्यावर सही झाली २ मार्च १८६१ ला. तोवर सात राज्यं बाहेर पडली होती. त्याच महिन्यात, २१ तारखेला, दक्षिणेचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स सव्हानाच्या सभेत म्हणाला की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, या ‘सत्यावर’ आमच्या सरकारची कोनशिला बसवली आहे. युद्ध हरल्यावर मात्र त्याच गृहस्थांनी सगळं प्रकरण घटनेच्या तत्त्वाचं होतं, असं सांगणारे दोन जाडजूड खंड लिहिले. ढकलपत्राची गंगोत्री ही अशी.

‘बहुतेकांकडे गुलाम नव्हते’ हे आकड्याने खरं. पण फुटलेल्या राज्यांत साधारण तीस टक्के गोऱ्या कुटुंबांकडे होते, मिसिसिपीत आणि साउथ कॅरोलायनात जवळजवळ निम्म्यांकडे. देशभरात गुलाम होते सुमारे ४० लाख.

लिंकनबद्दल थोडं तथ्य आहे, ते मान्य करायला हवं. एकही गुलाम मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर तसं करीन, हे त्याने ऑगस्ट १८६२ मध्ये एका पत्रात खरंच लिहिलं. पण मुक्तीच्या घोषणेचा मसुदा त्याने महिनाभर आधीच मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता, आणि त्याच पत्राच्या शेवटी सगळी माणसं मुक्त व्हावीत ही आपली वैयक्तिक इच्छाही नोंदवली होती. ढकलपत्रात ते वाक्य गाळलंय. १ जानेवारी १८६३ ची घोषणा फक्त बंडखोर भागापुरती होती, हेही खरं; देशभर गुलामगिरी संपली ती डिसेंबर १८६५ मधल्या तेराव्या घटनादुरुस्तीने. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती याच कामासाठी.

राहिले दक्षिणेचे ‘हजारो काळे सैनिक’. मालकाबरोबर आचारी, नोकर, खंदक खणणारे म्हणून नेलेले गुलाम पुष्कळ होते. त्यांना सैनिक म्हणायचं तर म्हणा. बंदुका द्यायची गोष्ट निघाली तेव्हा जॉर्जियाचा जनरल हॉवेल कॉब जानेवारी १८६५ मध्ये चिडून लिहितो: गुलाम चांगले सैनिक ठरले, तर गुलामगिरीविषयीचा आपला सगळा सिद्धांतच चुकीचा. अखेर १३ मार्चला कायदा झाला. रिचमंडमध्ये जेमतेम थोड्या लोकांची कवायत सुरू झाली, तोवर ३ एप्रिलला राजधानीच पडली. उत्तरेच्या फौजेत तोवर सुमारे १,८०,००० काळे सैनिक भरती झाले होते, आणि त्या दिवशी रिचमंडमध्ये आधी शिरलेल्या पलटणींत तेही होते.